हुंकार कुणाचा?

लहानपणी आजी कहाणी सांगायला बसली की तिची एकच अट असायची. ऐकणाऱ्यानं मधून मधून 'हं' म्हणायचं. 'हं' थांबला की कहाणीही थांबायची. "झोपलीस काय गं?" असं म्हणून ती आमच्या पायाचा अंगठा ओढून बघायची. तेव्हा वाटायचं, आम्ही जागे आहोत की नाही एवढंच ती तपासते आहे. पन्नाशी उलटल्यावर आता कळतं, की कहाणीचा अर्धा भार त्या हुंकारावर होता. सांगणाऱ्याला एकट्याला कहाणी सांगता येत नाही.

हे सगळं आठवायला कारण झालं ते जपानमधलं एक यंत्र.

माझी लेक संगणकाचं शिक्षण घेते. सुट्टीला घरी आली होती, तेव्हा तिनं मला 'एरिका' दाखवली. ओसाका विद्यापीठाचे हिरोशी इशिगुरो आणि क्योतो विद्यापीठाचे तात्सुया कावाहारा यांच्या गटांनी मिळून घडवलेली ही यंत्रमानवी. २०१५ साली ती जगापुढे आली. दिसायला विशी-पंचविशीची मुलगी. डोळ्यांच्या पापण्या हलतात, मान कलते, ओठ हलतात. पण मला नवल वाटलं ते तिच्या रूपाचं नव्हे. आजवर यंत्रं बोलायला शिकली हे आपण पाहिलं. फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' सांगणारी बाई तर आता घरच्यासारखीच झाली आहे. एरिकाला मात्र त्या लोकांनी वेगळंच काम शिकवलं होतं. तिला ऐकायला शिकवलं होतं. म्हातारी माणसं तिच्यासमोर बसतात, आपल्या प्रवासाबद्दल, आवडत्या जेवणाबद्दल बोलतात, आणि ती ऐकते. निदान ऐकल्यासारखं करते.

ते कसं, हे लेकीनं मला पोळ्या लाटता लाटता समजावलं. बोलणारा कुठं थांबतो, त्याचा स्वर कुठं उतरतो, यावर यंत्राचं लक्ष असतं आणि नेमक्या त्या जागी ते 'हं' म्हणतं. जपानी लोक बोलताना असे हुंकार फार देतात. त्यांच्याकडे त्याला 'आइझुची' म्हणतात. मूळ शब्द लोहाराच्या कामातला. ऐरणीवरच्या तापल्या लोखंडावर दोघांनी आळीपाळीनं घण घालायचे, एकाचा पडला की दुसऱ्याचा. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेले लोहार नवरा-बायको असेच घण घालताना आपण पाहिले आहेत. एकाचा हात चुकला तर दुसऱ्याचं काम बिघडतं. हुंकाराला हा शब्द मला फार आवडला.

हुंकारापुढची पायरी म्हणजे बोलणाऱ्याच्या वाक्यातला मुख्य शब्द उचलून परत म्हणणं. "मी काल बाजारात गेले." "बाजारात?" त्यापुढची पायरी, त्या शब्दाला एक प्रश्न जोडणं. "कुठल्या बाजारात?" आणि मग अधूनमधून "वा, छान झालं" किंवा "अरेरे, त्रास झाला असेल." संपलं. एवढ्या भांडवलावर एरिका समोरच्याला बोलतं ठेवते.

क्योतोच्या संशोधकांनी २० वृद्ध माणसांना तिच्याशी बोलायला बसवून पाहिलं आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष मांडले. त्यात एक मजेची तुलना होती. एकदा यंत्र आपल्या बुद्धीनं उत्तरं देई, आणि एकदा पडद्याआड बसलेला माणूस एरिकाच्या तोंडून बोले, कळसूत्री बाहुलीसारखा. साधे हुंकार आणि नुसतं 'असं का' सोडून यंत्राच्या बाकीच्या उत्तरांपैकी ५८.२ टक्के ऐकणाऱ्याला शोभतील अशी ठरली. बोलायला उत्तेजन देणं, लक्ष देऊन ऐकणं, या साध्या बाबतींत यंत्राला आणि पडद्याआडच्या माणसाला जवळजवळ सारखेच गुण पडले. फरक पडला तो बोलणं समजण्यात, खरी उत्सुकता दाखवण्यात आणि समोरच्याच्या सुखदुःखाशी समरस होण्यात. तिथं यंत्र मागे राहिलं.

मी लेकीला म्हटलं, "म्हणजे वरवरचं ऐकण्यात माणूस आणि यंत्र सारखेच की." ती हसली. मी काही हसले नाही. माझ्या मनात दुसरंच काही आलं होतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणायचो. त्यांचं माहेर दूधगंगेच्या काठावरचं. शेवटची काही वर्षं त्या खाटेवरच होत्या. बुद्धी शाबूत, पण गोष्टी त्याच त्या. त्यातली एक गोष्ट काहिलीची. लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी करून त्या सासरी परत निघाल्या, तेव्हा नदीला पूर आला होता. नाव बंद. मग गुऱ्हाळातली गुळाची काहील पाण्यात सोडली, आणि तिच्यात बसून त्यांनी नदी ओलांडली. वय सोळा. मांडीवर शिदोरीची पाटी, आणि काहील भोवऱ्यासारखी गरगर फिरते आहे.

ही गोष्ट त्या बहुतेक संध्याकाळीच काढायच्या, आणि तीच माझी घाईची वेळ. सूर्यास्ताच्या आत घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकायची असायची. मी भाकरी थापता थापता, दूध तापवता तापवता 'हं' म्हणायची. "बाई गं!" म्हणायची. "मग हो?" म्हणायची. माझे हुंकार अगदी जागच्या जागी पडायचे. त्या मध्येच विचारायच्या, "ऐकालीस न्हवं?" मी म्हणायची, "ऐकतेय की, आत्याबाई." आणि मनात उद्याच्या दळणाचा हिशेब चाललेला असायचा.

आत्याबाई जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या दिवशी एरिकाचं बोलणं निघालं आणि लेकीनं सहज विचारलं, "आई, काहिलीत आजीबरोबर कोण होतं गं?"

मला सांगता येईना. नदी माहीत, काहील माहीत, शिदोरीची पाटी माहीत. सोबत कोण होतं? भाऊ? सासरे? की मामंजीच न्यायला आले होते? त्यांनी शंभरदा सांगितलं असेल. मी नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "आईनं मला कुठं सांगितली ती गोष्ट? तुलाच सांगायची."

आणि एरिकानं काय केलं असतं? 'काहील' हा शब्द तिनं ऐकला असता, तो तिच्या नियमाप्रमाणं परत म्हटला असता, आणि पुढे प्रश्न जोडला असता. "कुठली काहील?" "कुणाबरोबर?" त्या यंत्राला आत्याबाईंशी काही देणंघेणं नव्हतं. तरी जो प्रश्न मी कधी विचारला नाही, तो त्यानं विचारला असता. हे मला फार लागलं.

आता खरा प्रश्न असा, की अशा यंत्राचा 'हं' हा खोटा म्हणायचा का? आणि खोटा असेल तर ते पाप कुणाच्या माथी?

हा प्रश्न नवा नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले जोसेफ वायझेनबाउम यांनी संगणकावरचा एक संवाद जगापुढे मांडला. त्याचं नाव 'एलायझा'. शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीवरून ठेवलेलं. म्हणजे आपल्या पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' ज्या नाटकावरून आली, त्याच नाटकातली ही मुलगी. मंजुळेला जशी बोलायची ढब शिकवली, तशी या संगणकाला शिकवलेली. तो काही तोंडानं बोलत नव्हता, टंकलेखन यंत्रावर लिहून उत्तर द्यायचा. 'आई माझ्यावर रागावते' असं लिहिलं की 'घरात आणखी कोण रागावतं?' असं विचारावं, एवढंच त्याचं कसब. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी हा सगळा उद्योग महिनोन्महिने डोळ्यांसमोर होताना पाहिला होता. आत कुणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. तरीही त्याच्याशी दोन-चार वाक्यं झाल्यावर त्या वायझेनबाउम यांना म्हणाल्या, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का?

ही हकीकत वाचून अनेकांना त्या बाईंचं हसू येतं. मला येत नाही. दिवसभर दुसऱ्याची पत्रं टंकणाऱ्या त्या बाईला किती काळात कुणी विचारलं नसेल, 'आणखी सांग' म्हणून?

वायझेनबाउम मात्र यानं हादरले. लहानपणी हिटलरच्या जर्मनीतून कुटुंबासह बाहेर पडलेला हा ज्यू माणूस. माणसाला माणूस न मानण्याचा परिणाम काय होतो ते त्यांनी पाहिलं होतं. १९७६ साली त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं, की काही कामं संगणकाला जमली तरी ती त्याच्यावर सोपवू नयेत. जमतं की नाही हा एक प्रश्न, आणि सोपवावं की नाही हा निराळा.

मैत्रिणींनो, इथं मला आपल्या बस्तीतल्या स्वाध्यायाची मदत झाली. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्दाची गणना पुद्गलाच्या पर्यायांत केली आहे. नैयायिक शब्दाला आकाशाचा गुण मानतात. आपल्याकडे ते मान्य नाही. आवाज भिंतीला आदळतो, अडतो, उलटून परत येतो, म्हणजे तो मूर्त आहे, जड आहे. हे मी कितीदा ऐकलं असेल, पण त्याचा उपयोग काय ते कळत नव्हतं. एरिकामुळे कळलं. यंत्र बोलतं याचं जैन माणसाला फारसं आश्चर्य वाटायला नको. माझ्या तोंडून निघालेला शब्दही जडच आणि तिच्या तोंडून निघालेलाही. जिवाचं लक्षण तिथं नाहीच. ते सांगितलंय दुसऱ्या अध्यायात, उपयोग म्हणजे जाणणं-पाहणं. शब्द जड, आणि तो ज्याला पोचतो, ज्याला कळतो, तो जीव. मग यंत्राचं बोलणं हे बोलणंच आहे. पण यंत्राचं ऐकणं हे ऐकणं नाही.

म्हणून यंत्राला खोटारडं म्हणता येत नाही. असत्याच्या मुळाशी आपल्याकडे प्रमाद मानला आहे. मनात कषाय हवा, गाफीलपणा हवा. जडाला कसला प्रमाद? दिवा विझला म्हणून आपण दिव्याला दोष देत नाही. पण आपला धर्म तिथं थांबत नाही. स्वतः केलेलं ते कृत, दुसऱ्याकडून करवलेलं ते कारित, आणि होत असलेल्याला मान डोलावली ती अनुमोदना. तिन्हींचा बंध सारखा मोजला जातो. यंत्राचा 'हं' कुणीतरी करवलेला आहे. तो कशासाठी करवला, आणि कुणाच्या जागी बसवला, यावर त्याचा हिशेब लागेल.

ज्यानं तो बनवला, त्यानं समोरच्या म्हाताऱ्या माणसाला 'हे यंत्र आहे' असं सरळ सांगितलं, तर त्यात आर्जव राहिलं. लपवलं, तर माया झाली. ज्याचं कुणीच नाही, त्याला अशा यंत्राशी दोन घटका बोलून बरं वाटलं तर मी नाक मुरडणार नाही. जपानमध्ये आज दर १० माणसांत जवळजवळ ३ जण ६५ वर्षांच्या वरचे आहेत. ऐकणारी माणसं आणायची कुठून, हा त्यांच्यापुढचा खरा पेच आहे. आपण अनेकांत मानतो. रिकाम्या घराच्या बाजूनं पाहिलं तर हे यंत्र दया आहे. भरल्या घराच्या बाजूनं पाहिलं तर तेच यंत्र पळवाट आहे. माझं घर भरलेलं होतं.

याच संशोधनाची दुसरी एक शाखा आहे, ती मला निःसंशय चांगली वाटली. तिला ते लोक 'अवतार' म्हणतात. आपलाच शब्द जगभर फिरून आला. आपण जैनांना तो तसा परका, कारण सिद्ध झालेला जीव पुन्हा खाली उतरत नाही. पण त्यांच्या बोलण्यात अवतार म्हणजे दूर बसून चालवायचं प्रतिरूप. शरीर, मेंदू, जागा आणि वेळ यांच्या मर्यादेतून माणसाला २०५० पर्यंत मोकळं करायचं, असं उद्दिष्टच जपान सरकारनं आखलं आहे, आणि अवतारांच्या एका मोठ्या प्रकल्पाचे प्रमुख हेच इशिगुरो आहेत. उद्दिष्टातले शब्द जरा मोठेच वाटतात, पण एक साधं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. टोकियोत २०२१ साली एक कॅफे सुरू झाला. तिथं 'ओरिहिमे' नावाची पांढरी यंत्रं पाहुण्यांशी बोलतात, चहा-कॉफीचं विचारतात. त्या प्रत्येक यंत्रामागे एक माणूस असतो. कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणाला फक्त डोळेच हलवता येतात. घरातून, खाटेवरून ते त्या यंत्राच्या डोळ्यांनी बघतात आणि त्याच्या तोंडानं बोलतात. देह यंत्राचा, पण ऐकणारा जीव खरा. तिथला 'हं' पोचतो. दिसायला एरिका सुंदर आणि ओरिहिमे नुसता पांढरा ठोकळा. पण मला कुणी विचारलं तर मी ठोकळ्याशी बोलेन.

आणि माझं काय? मी तर जिवंत होते, कान शाबूत होते, आणि तरी माझा 'हं' एरिकाच्याच जातीचा होता. पाणी गाळून घेणारी मी, कंदमुळाला हात न लावणारी मी, दिवा लावताना पाखरू होरपळू नये म्हणून जपणारी मी. हात-दोन हातांवर खाटेवर एक पंचेंद्रिय जीव रोज संध्याकाळी एकच गोष्ट पुढे करत होता, आणि मी तिथं आवाज ठेवून स्वतः उठून गेले होते. यंत्र हे जाणूनबुजून करत नाही. मी केलं, कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही माझीच. मग एरिकाला नावं ठेवायचा मला काय अधिकार?

आपल्या परंपरेतली एक गोष्ट आपण दरवर्षी वीरशासन जयंतीला ऐकतो. भगवान महावीरांना केवलज्ञान झालं, समवसरण रचलं गेलं, देव-मनुष्य-तिर्यंच सगळे येऊन बसले. तरी ६६ दिवस दिव्यध्वनी खिरली नाही. कारण सांगितलं जातं ते हे, की ती झेलणारा गणधर तिथं नव्हता. इंद्रभूती गौतम आले, त्यांचा मान गळला, आणि मग राजगृहीच्या विपुलाचलावर वाणी सुरू झाली. लहानपणापासून ही गोष्ट मी गौतमांच्या मोठेपणाची म्हणून ऐकत आले. आता ती मला वेगळी ऐकू येते. सर्वज्ञाची वाणीसुद्धा ऐकणाऱ्यासाठी थांबते. सभा भरलेली होती, कान कितीतरी होते. ऐकणारा यायचा होता.

आत्याबाईंच्या गोष्टीत काही मोक्षमार्ग नव्हता. पुरातून काहिलीत बसून आलेल्या एका सोळा वर्षांच्या पोरीची भीती होती. कदाचित तिचा हात कुणीतरी घट्ट धरला होता, आणि ते कोण एवढंच त्यांना मला सांगायचं होतं. रोज सांगत होत्या, म्हणजे रोज पोचत नव्हतं.

यंदा दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीला सगळ्यांना भेटले, फोन केले, 'उत्तम क्षमा' म्हटलं. शेवटी घरी येऊन आत्याबाईंच्या खोलीत गेले. क्षमा मागायला समोर जीव लागतो. त्यांचा जीव आता कुठल्या गतीत आहे कोण जाणे. खाट भिंतीला लावून ठेवली आहे. तिच्यासमोर हात जोडून उभी राहिले आणि काय बोलावं ते सुचेना.

मग एक नेम केला. सामायिकाला आपण दोन घडी देतो, ४८ मिनिटं. त्यातली निम्मी, म्हणजे एक घडी, दिवसातून कुणाचं तरी ऐकायला द्यायची. हात रिकामे ठेवून, तव्यावर काही न टाकता. हल्ली शेजारच्या मावशी संध्याकाळी येऊन बसतात. त्यांना ऐकू कमी येतं, पण सांगायला खूप आहे. त्यांच्या भावाच्या जमिनीचा तंटा मी आतापर्यंत सात वेळा ऐकला. परवा आठव्यांदा त्या सांगायला लागल्या, आणि मी विचारलं, "मावशी, कोर्टात त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण होतं हो?"

त्या एकदम थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "कुणी नव्हतं बाई. मी एकटीच गेले होते."